परसबागेचं टपाल : आधी ऊन शोधा, मग रोपं आणा

दिवाळी संपली की या सदराच्या टपालाचा सूर बदलतो. श्रावणात "फार माजलंय, कुठून छाटू?" असं विचारणारे वाचक मार्गशीर्ष लागला की "बाग अगदी भकास दिसते हो" म्हणायला लागतात. खरंही आहे. तेरडा केव्हाच गेलेला, दसऱ्याचा झेंडू काळवंडलेला, मोगरा गप्प. मग लोक नर्सरीत जातात, दिसतील ती फुललेली रोपं रिक्षात घालून आणतात आणि पंधरा-वीस दिवसांनी मला पत्र टाकतात. म्हणून या अंकात थंडीतल्या रंगाबद्दलचीच पत्रं घेतली आहेत. ज्या प्रश्नात दम आहे तिथं रेंगाळले आहे, बाकीची उत्तरं दोन ओळींत उरकली आहेत. रागावू नये.

"आमचा सांगलीत विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. गॅलरी उत्तरेला. मे-जूनमध्ये तिथं छान ऊन येतं, सदाफुली आणि ऑफिस टाइम भरभरून फुलतात. दिवाळीनंतर तीच झाडं नुसती पानं धरून बसतात. खत वाढवलं, औषध मारलं, फरक नाही. थंडीत गॅलरीत रंग आणायचा कसा?" – एक गृहिणी, सांगली

ताई, खताची पिशवी आधी बांधून ठेवा. झाडं उपाशी नाहीत, अंधारात आहेत. सांगली विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम १७ अंशांवर. त्यामुळं मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारी तो चक्क तुमच्या उत्तरेला असतो. तुमच्या गॅलरीतलं मे-जूनचं ऊन हे. पण सप्टेंबरच्या अखेरीला सूर्य दक्षिणेकडं सरकला की थेट मार्चअखेरपर्यंत उत्तरेच्या भिंतीवर त्याचा एक किरण पडत नाही. २१-२२ डिसेंबरला तर दुपारी बारा-साडेबाराला तो दक्षिणेच्या आकाशात पन्नासेक अंशांवरच असतो, आणि तुमची अख्खी इमारत त्याच्या आड उभी. तिथं सदाफुलीनं फुलावं तरी कसं?

शाळेत मी वर्षानुवर्षं दक्षिणायन-उत्तरायण शिकवलं. फळ्यावर ते मुलांना कधी कळलं नाही. वर्गातल्या फरशीवर खडूनं उन्हाची कड आखून घेतली की लगेच कळायचं. तुम्हीही तेच करा. एका रविवारी सकाळी नऊला, बाराला आणि चारला घरातल्या सगळ्या खिडक्या फिरा, ऊन कुठवर येतंय तिथं खडूची रेघ मारा. माझा अंदाज आहे की तुमच्या दक्षिणेकडच्या खोलीत, बहुतेक स्वयंपाकघरात किंवा कपडे वाळत घालायच्या जागी, या दिवसांत ऊन पार आतपर्यंत येत असणार. फुलं तिथं. खिडकीच्या जाळीत पिटुनियाच्या दोन आणि डायंथसची एक कुंडी बसली तरी पुरे.

उत्तरेच्या गॅलरीत मात्र पानांवर भागवा, आणि त्यात कमीपणा काही नाही. लाल-गुलाबी शिरांचं अग्लोनेमा, पांढरट सिंगोनियम, बेगोनिया. फूल हवंच असेल तर इम्पेशन्स लावा, ते आपल्या तेरड्याच्या कुळातलं. थेट उन्हाशिवाय, नुसत्या उजेडावरही फुलतं. पाणी बेतानं द्या, सावलीत थंडीच्या दिवसांत कुंडी लवकर वाळत नाही. आणि एक काम करा, दुकानातून गेरू आणा. मातीच्या कुंड्यांना गेरूचा हात द्या, वर चुन्याच्या चार रेघा ओढा. पांढऱ्या भिंतीपुढं तो तांबडा रंग थंडीभर टिकतो, त्याला ऊन लागत नाही. सोसायटीच्या गच्चीत चार कुंड्या ठेवायची परवानगी मिळाली तर आणखी बरं. शेवंती वर फुलवायची आणि पाहुणे यायचे असतील तेव्हा आठवडाभर गॅलरीत आणायची. उमललेली शेवंती सावलीत उलट जास्त टिकते.

"साताऱ्यात गोडोलीला आमचं घर आहे. फाटकाशी पॉइनसेटियाचं पुरुषभर उंच झाड आहे. दर डिसेंबरात लालभडक व्हायचं. यंदा घराकडची बाजू लाल झाली, रस्त्याकडची हिरवीगारच राहिली. त्याच बाजूला कुंडीत शेवंती आहे, तिलाही कळी नाही. हा कुठला रोग?" – एक निवृत्त कर्मचारी, सातारा

दादा, रोग नाही. फाटकासमोरच्या खांबावर यंदा नवा पांढरा दिवा बसलाय का, एवढं बघा. मी पैज लावायला तयार आहे.

पॉइनसेटिया आणि शेवंती दोन्ही रात्र मोजणारी झाडं. रात्र एका ठरावीक मापापेक्षा मोठी होत गेली की त्यांना कळतं, आता फुलायचं. आपल्याकडं डिसेंबरात दिवस साधारण अकरा तासांचा आणि रात्र तेरा तासांची, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं भरपूर. पण ती रात्र अखंड काळोखाची लागते. मध्ये दिवा असला की त्यांच्या लेखी रात्र तुटली, अजून उन्हाळाच चाललाय. फुलशेती करणारे हीच गोष्ट मुद्दाम करतात. शेवंतीच्या रानात रात्री दिव्यांच्या माळा पेटलेल्या दिसतात ना, त्या सजावटीसाठी नसतात. कळी लांबवून बाजारभाव असेल तेव्हा फूल आणायचं असतं. तुमच्याकडं तेच काम नगरपालिकेच्या दिव्यानं फुकटात केलंय.

उपाय सांगते. झाड हलवता येत नाही, तर रस्त्याच्या बाजूला दोन बांबू रोवून त्यावर जाड काळं कापड किंवा जुनी सतरंजी अशी टांगा की दिव्याचा झोत अडेल. रोज संध्याकाळी सहाला टांगायची, सकाळी आठला काढायची. सतरंजी काढायला विसरलात तर झाडाचं दिवसाचं जेवण जाईल, म्हणून हे काम घरातल्या सकाळी लवकर उठणाऱ्या माणसाकडं द्या. खरं तर हे ऑक्टोबरात सुरू करायचं. आता केलंत तरी सहा-आठ आठवड्यांत, म्हणजे जानेवारी सरता सरता किंवा फेब्रुवारीत, ती बाजूही लाल होईल, कारण तोवर रात्री मोठ्याच असतात. शेवंतीची कुंडी मात्र सरळ उचलून घराच्या मागं न्या, जिथं ऊन आहे आणि दिवा नाही.

आता तुमच्या झाडाजवळ जाऊन एकदा नीट बघा. लाल दिसतात ती फुलं नव्हेत, पानं आहेत. त्यांच्या मधोमध वाटाण्याएवढ्या हिरवट-पिवळ्या गाठींचा झुबका असतो, खरी फुलं त्यात. एकेका गाठीच्या कडेला पिवळं ओठासारखं तोंड असतं आणि सकाळी त्यात मधाचा चकचकीत थेंब जमतो. मुंग्या त्यासाठीच रांग लावतात, त्यांच्यावर पावडर टाकू नका. फांदी मोडली तर पांढरा चीक येतो, तो डोळ्याला लागू देऊ नका.

शेवंतीबद्दल आणखी एक, कारण दर वर्षी कुणीतरी विचारतंच. नर्सरीतली वीतभर उंचीची, गच्च फुललेली शेवंती पुढच्या वर्षी कंबरेएवढी होऊन पसरते, तेव्हा "फसवलं" म्हणू नका. कुंडीतल्या शेवंतीला बुटकं ठेवायला बहुतेक वेळा वाढ रोखणारं औषध दिलेलं असतं, ते कायम टिकत नाही. फुलं संपली की खोड बोटभर ठेवून कापा. बुडाशी काश्या फुटतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी सोडवून लावा आणि जुलैपर्यंत शेंडे खुडत राहा. झाड आपोआप घेरदार होतं.

"वाईला कंपाउंडवर संक्रांतवेल चढवलीय. शेजाऱ्यांची दर जानेवारीत केशरी होते, आमची नुसती हिरवी. वेल एकाच नर्सरीतली आहे." – एक वाचक, वाई

तुम्ही दिवाळीच्या साफसफाईत ती छाटता का? बहुतेक घरांत तेच होतं. रंगवाला येतो, कंपाउंड मोकळं करा म्हणतो, आणि विळा चालतो. या वेलीला फुलं येतात ती मोसमात वाढलेल्या फांदीच्या टोकाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टोकं गेली की त्या वर्षीचा बहर गेला. छाटायची ती फुलं झडल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तेव्हा हात आखडू नका. बाकी तिला पूर्ण ऊन हवं, शेणखत कमी, पाणी त्याहून कमी. लाड केलेत तर पानंच देते. मूळची ब्राझीलची असून तिनं नाव मात्र आपल्या सणाचं घेतलं. फुलली की शिंजीर येतात, नळीच्या तळाचा मध काढायला चोच पुढून घालण्यापेक्षा बुडाशी भोक पाडणं त्यांना सोपं वाटतं. गळालेल्या फुलांच्या देठाजवळ ती बारीक चीर शोधून बघा.

"मी कऱ्हाडला मुलाकडं राहतो. घरामागं दहा बाय सहाची मोकळी जागा आहे, ऊन चांगलं. गावाकडं शेती होती, त्यामुळं फुलझाडांवर पैसे घालायला जीव होत नाही. पण सून म्हणते मागं काहीतरी रंगीत दिसलं पाहिजे. संक्रांतीपर्यंत काय होईल?" – एक आजोबा, कऱ्हाड

आजोबा, तुमच्या पत्रानं मजा आली. सुनेला रंग हवा, तुम्हाला भाजी हवी, आणि जानेवारीत भोगी आहे. तिघांचं एकाच वाफ्यात जमतं.

पैसे घालूच नका, स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्यातली मूठभर मोहरी घ्या. माती मोकळी करून, कुजलेलं शेणखत मिसळून, जागेच्या मागच्या कडेला ओळीत पेरा. चार-पाच दिवसांत उगवते आणि दीड महिन्याच्या आत-बाहेर पिवळीधमक होते. त्याच्या पुढं लाल माठ. हा साधारण महिन्यात काढायला येतो, पण सगळा एकदम उपटू नका. पुढची ओळ भाजीला, मागची बघायला. पुढच्या कडेला मेथी आणि कोथिंबीर. एका कोपऱ्यात हातभर जागा हरभऱ्याला ठेवा. घाटे भोगीपर्यंत येणार नाहीत, ते बाजारातूनच आणावे लागतील, पण कोवळ्या शेंड्यांची भाजी नक्की होईल. शेंडे खुडले की फुटवेही वाढतात. पहाटे त्या पानांना हात लावून बोट चाखा. आंब लागते. पूर्वी दव पडलेल्या हरभऱ्यावर रात्री पातळ फडकं अंथरून सकाळी ती आंब पिळून घ्यायचे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुम्ही विचारलं नाहीत तरी पावट्याचं सांगते. यंदा उशीर झाला, पण पुढच्या पावसाळ्यात तारेच्या कुंपणावर जांभळ्या शेंगांचा वाल-पावटा चढवा. थंडीत त्याला जांभळे तुरे आणि शेंगा एकाच वेळी असतात. कुठल्याही विकतच्या वेलीपेक्षा मला तो जास्त देखणा वाटतो. लोकांना भाजीचं झाड शोभेचं वाटत नाही, कारण ते स्वस्त असतं. हे माझं मत, पटलं तर घ्या.

मोहरीवर मावा येणार. शेंडे काळे-हिरवे चिकट दिसायला लागले की लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा. खायच्या भाजीवर दुसरं काही नको. आणि उसाचं पाचट कुणाकडून मिळालं तर ओळींच्या मधून अंथरा. कऱ्हाडला पाचट मिळालं नाही तर कुठं मिळायचं? ओल टिकते, आणि त्या पिवळट पाचटावर माठ आणखी लाल दिसतो.

"पाचगणीला थंडी फार. एखाद्या रात्री सगळी पानं काळी पडतात. झाकावं का?" – एक वाचक, पाचगणी

हो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याच्या बातम्या दर थंडीत येतात, तुमच्याकडंही सखल जागी थंड हवा साचते. संध्याकाळीच गोणपाट किंवा जुनी साडी टाका. प्लॅस्टिक टाकायचं तर ते पानाला टेकता कामा नये. ऊन आलं की काढा. दुपारी मातीला पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब रात्री सोडते. काळी पडलेली टोकं लगेच कापू नका, थंडी सरेपर्यंत ती खालच्या फांदीला पांघरूण होतात.

"मिरजेला गुलाबाच्या पानांवर पांढरी पावडर आलीय, कळ्या वाकड्या होतात." – एक वाचक, मिरज

भुरी. रात्री गार, दिवसा ऊबदार, हवा कोंडलेली, की ती येतेच. वाकडी टोकं काढून टाका, पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम घेऊन सकाळी फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. निंबोळी तेल आणि गंधक एका वेळी नको. पुढच्या वर्षी तासगावकडं द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की तुम्ही गुलाबाला कात्री लावा आणि मधल्या फांद्या विरळ करा. दीड-दोन महिन्यांत, म्हणजे डिसेंबरात, बहर येतो.

"साताऱ्यात शाहूपुरीला घर आहे, मागच्या अंगणातून अजिंक्यतारा दिसतो. मला फुलांची कटकट नको, रोज पाणी घालायला वेळ नाही. पण थंडीत खिडकीतून बघावंसं वाटेल असं काही हवं. असं काही असतं का?" – एक नोकरदार वाचक, सातारा

असतं, आणि निम्मं तुमच्याकडं आहेच. थंडीत डोंगरावरचं गवत वाळून सोनेरी होतं, तो पडदा तुम्हाला फुकट मिळालाय. लोक त्याच्यापुढं अशोकाची हिरवी भिंत उभी करतात! तुम्ही करू नका. त्या पिवळट पार्श्वभूमीवर दोन रंग उठून दिसतात, जांभळा आणि पांढरा. म्हणून कोरांटी लावा. जांभळी, पांढरी, हवी तर पिवळी काटेरीही. कोरांटी आपल्याकडची, एकदा रुजली की आठवड्यातून एकदा पाणी पुरतं, आणि पाऊस संपल्यावर फुलायला लागते ती थंडीभर. आमच्या आईच्या पिढीनं तिचे गजरे माळले, आता नर्सरीत मागितली तर पोरगा "ते काय?" म्हणतो. कुणाच्या परसातून फांदी आणा, पावसाळ्यात सहज लागते.

कोपऱ्यात देवचाफा. थंडीत तो पानं टाकतो आणि घरातली मोठी माणसं "झाड वाळलं" म्हणून हळहळतात. वाळत नाही. ती बोथट, राखाडी, फाटे फुटलेली फांदी दुपारच्या तिरप्या उन्हात पांढऱ्या भिंतीवर सावली टाकते, ती बघायला खिडकीत खुर्ची घ्या. चाफ्याला या दिवसांत पाणी जवळजवळ बंदच ठेवा. त्याच्या बुडाशी कुंद. मोगऱ्याचीच जात, पण मोगरा झोपतो तेव्हा हा फुलतो, वास मंद.

आणि एक मातीचं पसरट भांडं, दोन बोटं पाणी राहील एवढंच उथळ, खिडकीपासून आठ-दहा फुटांवर. थंडीत उत्तरेकडून थिरथिरा येतो. नर काळपट, पोट आणि शेपटी तांबूस, आणि शेपटी सतत थरथरत असते. अंगणाच्या भिंतीवर एकदा जागा धरली की मार्चपर्यंत तीच. फुलाला रंग आहे, पण ते भिंतीवरून उडी मारून किडा पकडत नाही. भांड्यातलं पाणी दोन दिवसांनी बदला, डास होतात.

"नर्सरीतून आणलेली पिटुनियाची रोपं लावली की आठवड्यात माना टाकतात. पाणी रोज घालतो." – एक वाचक, कोरेगाव

रोप उपटून मुळाशी बघा. बऱ्याच रोपांच्या मुळांभोवती पातळ जाळीची टोपी किंवा नुसत्या कोकोपीटचा गोळा असतो. तो गोळा वाळला की वरून घातलेलं पाणी बाजूच्या काळ्या मातीत जातं, आत शिरत नाही. माती ओली, मूळ कोरडं. लावण्याआधी जाळी कात्रीनं कापून काढा, गोळा पाण्याच्या बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत धरा, बोटांनी कडेची मुळं थोडी मोकळी करा आणि मगच लावा. माती नुसती काळी नको, तिच्यात निम्मं शेणखत आणि वाळू मिसळा. पहिले तीन दिवस अर्ध्या सावलीत ठेवा. लावतानाच फुलं आणि शेंडा खुडायला जीव होत नाही हे माहीत आहे, तरी खुडा. पाणी सकाळी, मातीत, फुलांवर नाही. मार्चचं ऊन तापलं की पिटुनिया जातंच, त्यासाठी पत्र लिहू नका.

पुढच्या अंकात कुंड्या बदलणं आणि मोगऱ्याची छाटणी घेणार आहे. पत्रात गावाचं नाव, झाड कुठल्या दिशेला आहे आणि तिथं किती वाजता ऊन येतं, एवढं जरूर लिहा. फोटो पाठवलात तर पानाच्या मागच्या बाजूचाही पाठवा.